निळ्या फुलांचं पोतं

ऐका, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, मंदीच्या अन् धुळीच्या वादळांच्या काळातली गोष्ट सांगतो. तेव्हा पीठ फुलाफुलांच्या कापडी पोत्यांत यायचं, अन् बायका त्याचेच झगे शिवायच्या. दुकानाच्या रांगेत निळ्या फुलांचं शेवटचं पोतं व्हर्नाला मिळालं. मागून शेजारीण मर्टल म्हणाली,

“व्हर्ना, ते मला दे गं. माझं घे.”

“वा गं शहाणे! मला पडदा करायचाय.”

“माझ्या ओपलच्या निळ्या झग्याच्या बाह्या राहिल्यात.”

“मग हिंडू दे की पोरीला बिनबाह्यांची!”

“उद्या पुरायचंय तिला. धुळीनं छाती भरली होती. काल गेली.”

व्हर्नानं पोतं तिच्या हातात दिलं, अन् लगेच परत घेतलं.

“राहू दे. बाह्या मीच शिवते.”

“शिव. पण आत कापड सोड हं जरा. वाढत्या अंगाची आहे ती.”