दत्तूकाकांचं गाऱ्हाणं

मंडळी,

मला माईकची गरज पडत नाही, हे भटवाडीत सगळ्यांना माहीत आहे. गोलपोस्टच्या मागे उभं राहून ओरडण्यात माझं सगळं तरुणपण चाललं आहे. पण आज आवाज निघत नाहीये. दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. ज्यांनी मला ओरडायला शिकवलं त्यांचाच फोटो समोर हार घालून ठेवलाय. काय बोलायचं?

हॉलमध्ये शिरताना काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "संज्या, आज तोंड सांभाळ हां बाबा." सांभाळतो, काकू. शब्द दिलाय.

साकीनाक्याच्या वर्कशॉपमधली काही माणसं आली आहेत. काकूंच्या माहेरची माणसं आहेत. त्यांना वाटत असेल, हा कोण पोरगा? मी काकांच्या नात्यातला नाही. दत्ताराम तावडे माझे कोणी लागत नव्हते. मी बी.कॉम. अर्ध्यावर सोडलेला, सध्या काही न करणारा माणूस आहे. पण गेली बरीच वर्षं दर रविवारी मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. उजव्या हातात त्यांच्या नारळ असायचा.

वर्कशॉपवाल्यांनी त्यांना वॉचमन म्हणून पाहिलं. त्याआधी ते गिरणीत होते, संपानंतर गिरणी सुटली. आम्ही मात्र त्यांना फक्त रविवारचं पाहिलं. डोक्याला तांबडा रुमाल, पायात रबरी चपला, आणि पाठीमागे आपल्या फुटबॉलच्या तुफान संघाची आम्ही सगळी वानरसेना.

तुफान संघ. आज हे नाव घेताना आपण जरा हळू बोलतो ना? आधी असं नव्हतं. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तो ट्रक आठवावा. आपण शहरातल्या त्या मोठ्या कंपनीच्या टीमला फायनलमध्ये हरवलं होतं, आणि ट्रकमधून घाटकोपरला परत आलो होतो. स्टेशनपासून भटवाडीपर्यंत लोक गॅलरीत उभे होते. ट्रकच्या टपावर कप घेऊन कोण बसलं होतं? कॅप्टन नाही. कॅप्टननेच काकांना वर चढवलं होतं. म्हणाला, "गाऱ्हाणं तुम्ही घातलंत, कप तुम्ही धरा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाशी बोलतो, आणि जमलेले सगळे मागून म्हणतात, व्हय म्हाराजा. काकांनी हे मॅचला आणलं. मॅच सुरू व्हायच्या आधी आपली टीम ज्या गोलवर हल्ला करणार, त्याच्या मागे आपण सगळे जायचो. काका नारळ ठेवायचे, हात जोडायचे आणि सुरू करायचे. मला तोंडपाठ आहे.

"बा देवा म्हाराजा. आज जी ही तुझी अकरा लेकरां मैदानात उतारली हत..."

व्हय म्हाराजा.

"त्यांनी जो घाम गाळलो, तो तू बघलंस..."

व्हय म्हाराजा.

"त्या घामाचा फळ त्यांका दी रे म्हाराजा..."

व्हय म्हाराजा.

समोरच्या टीमचा गोलकीपर पहिल्यांदा हे ऐकायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एकदा एक गोलकीपर रेफ्रीकडे तक्रार घेऊन गेला, की हे लोक माझ्यावर करणी करतायत. काका त्याला म्हणाले, "तुझ्यासाठी पण घालतंय हां बाबा, मॅच संपल्यार." हाफटाइमला टीम बाजू बदलायची, तसे आपणही सगळे मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जायचो. म्हातारे, पोरं, सगळे. काका पुढे.

आता माझं थोडं सांगतो. काकूंना ठाऊक आहे, म्हणून लाज नाही वाटत.

आपल्या मैदानाला लागून जी बिल्डिंग आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी कपडे वाळत घालायला यायची. तिचं नाव घेत नाही. तिचं लग्न झालंय, मुलुंडला असते, सुखात असो. पण त्या वेळी माझं मॅचमध्ये लक्ष नसायचं. काकांनी एकदा माझी हनुवटी धरून मान सरळ केली. म्हणाले, "बॉल हयसर आसा रे. तू खंय बघतंस?" सगळे हसले. मीही हसलो.

तिचं लग्न ठरलं त्या दिवशी मी कॉलेजात गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग गेलोच नाही. मैदानात गोलपोस्टला टेकून बसायचो. घरचे बोलून थकले. बापाने मारायचं तेवढं मारलं. काका एका संध्याकाळी येऊन बाजूला बसले. कागदात भजी होती. उपदेश केला नाही. बराच वेळ भजी खाल्ली आणि मग विचारलं, "तिका म्हायत होता?"

मी म्हटलं, "काय?"

"तुझा मन."

म्हटलं, "नाही, काका."

"मगे ठीक आसा. माझ्या टीमाक तरी आता खंय म्हायत आसा, मी कोण तो."

मग भज्यांचा कागद चुरगाळला आणि म्हणाले, "कॉलेजात जातलंस परत?" मी नाही म्हटलं. "बरा. मगे मॅचीक तरी वेळेर ये."

मंडळी, मला त्या वेळी त्यांच्या बोलण्याची गंमत वाटली होती. आता वाटत नाही. जी टीम तुम्हाला ओळखत नाही तिच्यासाठी इतकी वर्षं उभं राहणं काय असतं, ते आपण सगळे शिकलो आहोत. कारण हळूहळू आपणही तिला ओळखेनासे झालो.

कशी वाट लागली, सगळ्यांनी बघितलंय. चांगली पोरं कंपन्यांच्या टीममध्ये गेली. नोकरी मिळते, जाणारच. काका त्यांच्यावर कधी रागावले नाहीत, उलट पेढे वाटायचे. पण जी राहिली त्यांनी सरावाला येणं सोडलं. मैदान लग्नाच्या मांडवाला भाड्याने जायला लागलं, आधी एखाद्या मुहूर्ताला, मग सगळ्याच. खड्डे पडले. खड्डे बुजवले नाहीत. सराव नाही म्हणून आपण हरायला लागलो, आणि हरतो म्हणून सरावाला कोण येणार? दर रविवारी नवी पोरं दिसायची. कोण कुठली, कोणाला ठाऊक नाही. आपली पोरं म्हणायला लागली, खरा फुटबॉल टीव्हीवर बघायचा, वर्ल्डकपचा. इथे काय आहे?

नाईकसाहेब, तुम्ही आमचे सेक्रेटरी, पुढच्या रांगेत बसला आहात. मी भांडत नाहीये. मी फक्त काय झालं ते सांगतोय.

चेंबूरची मॅच आठवते? आम्ही पंधरा-वीस जण होतो. बसला उशीर झाला. धावत पोचलो तेव्हा खेळाडू मैदानात उतरले होते. एक टीम तांबड्या जर्सीत, एक पिवळ्या. तांबडा आपला रंग. लहानपणापासून तांबडाच. आम्ही तांबड्यांच्या समोरच्या गोलमागे जाऊन उभे राहिलो. काकांनी घाईघाईत नारळ ठेवला, रुमाल बांधला आणि गाऱ्हाणं घातलं. आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. शिट्टी वाजली.

आणि काय खेळली पोरं. कित्येक वर्षांत आपली टीम अशी धावलेली नव्हती. पडत होती, उठत होती, एकमेकांना शिव्या देऊन परत पास देत होती. एका काळ्या किडकिडीत पोराने बाजूने असा गोल मारला की मी काकांना उचललं. उचलून गोल फिरवलं. काका म्हणत होते, "सोड रे, नारळ पडतलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाजूला दोघं-तिघं उभे होते. त्यातल्या एकाने काकांना विचारलं, "चाचा, आप लोग गोवंडी में किधर रहते हो? पहले कभी देखा नहीं."

काका म्हणाले, "हम घाटकोपर का."

त्या माणसाने मैदानाकडे बोट दाखवलं. म्हणाला, "घाटकोपर तो वो पीला वाला है ना, चाचा."

त्या दिवशीच आपल्या टीमला नवी जर्सी मिळाली होती. बादल्यांच्या कारखान्याच्या मालकाने दिलेली, पिवळी, पाठीवर बादलीचं नाव. आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चेहऱ्यांवरून ओळखावं, तर चेहरे ओळखीचे राहिले होते कुठे?

मंडळी, आपण ज्या टीमसाठी आयुष्य घालवलं, ती समोर उभी असताना आपण दुसऱ्याच टीमसाठी देवाला साकडं घातलं. कोणी हसलं नाही. मी बादलीवाल्याला शोधायला निघालो होतो, काकांनी सदऱ्याला धरून ठेवलं. मी म्हटलं, "काका, चला त्या बाजूला. परत घाला गाऱ्हाणं. चूक झाली, देवाला सांगा."

काका म्हणाले, "काय सांगू? चुकान दुसऱ्याचा नाव घेतलंय म्हणान? मी नाव खंय घेतलंय? मी म्हटलंय, ह्या पोरांनी घाम गाळलो. गाळलो की त्यांनी."

मग ते वळसा घालून पलीकडे आले. आपले पिवळे ज्या गोलवर हल्ला करत होते, त्याच्या मागे. आम्हीही आलो. पण त्यांनी हात जोडले नाहीत. मॅच संपेपर्यंत नुसते उभे राहिले, आपण हरलो तरी सगळे गेल्यावर गेले. नारळ त्या किडकिडीत पोराला देऊन टाकला. "बरो खेळलंस," म्हणाले.

त्या दिवसापासून आपल्यातल्या बहुतेकांनी यायचं बंद केलं. कोणाला दोष देत नाही. काका मात्र येत राहिले, दर रविवारी. फक्त गाऱ्हाणं घालत नव्हते. मला त्याचाच राग होता. एकदा मी त्यांच्यावर चढलो. म्हटलं, "काका, टीम वाईट खेळते तेव्हाच तर देवाची गरज असते ना? तुम्हीच गप्प बसलात तर मग राहिलं काय?"

काका रागावले नाहीत. ते मला "झिला" म्हणायचे, म्हणजे मुलगा. म्हणाले, "झिला, गाऱ्हाणा म्हणजे अर्ज न्हय. आपण देवाकडे जामीन ऱ्हवतो. मी म्हणतंय, ह्या पोरांनी घाम गाळलो, आणि तुमी म्हणतास, व्हय म्हाराजा. गाळूक नसलो तर? तुमका सगळ्यांका खोट्यात घालू मी?"

मी विचारलं, "मग येता कशाला?"

"टीम माझी आसा म्हणान."

एवढंच. 

त्यांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी रोज संध्याकाळी जायचो. काकू डबा घेऊन यायच्या, मी बाहेरच्या बाकावर बसायचो आणि त्या गेल्या की आत. काका दुसरं काही विचारायचे नाहीत. औषध नाही, डॉक्टर काय म्हणाला नाही. फक्त, "आज ग्राउंडार पोरां इली?"

मी म्हणायचो, नाही काका, मांडव आहे. दुसऱ्या दिवशीही मांडव. मला खोटं बोलता आलं असतं. एका नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलंही, म्हाताऱ्याला बरं वाटेल असं काहीतरी सांग की रे. पण ज्या माणसाने देवाला खोटं सांगितलं नाही, त्याला मी काय खोटं सांगू?

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी मैदानावरून जात होतो. मांडव होताच. मांडवाच्या मागे, जिथे आचाऱ्यांच्या चुली लावतात, तिथे उरलेल्या पट्ट्यात दोन पोरं धावत होती. आपला आताचा गोलकीपर आणि आताचा कॅप्टन. दोघं आज इथे मागे दाराशी उभे आहेत. आचारी शिव्या देत होता, हे त्याच्या पातेल्यांमधून बॉल काढत होते.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "आज पोरां इली?"

म्हटलं, "दोन आली, काका."

ते उठून बसायला बघत होते. मी उशी लावली. "दोन? खरा?"

"खरं."

 मग म्हणाले, "बरा झाला. अकरा झाली की सांग."

माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

मंडळी, मला कळलंय की येत्या रविवारी आपली मॅच आहे. हरलो तर आपण खालच्या गटात जाणार. नाईकसाहेबांनी मघाशी सांगितलं, खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधतील, काकांच्या नावाने चषक ठेवतील, आणि जुन्या सगळ्यांनी यावं. काळी फीत पिवळ्या जर्सीवर उठून दिसेल, साहेब. पण काकांनी फीत मागितली नव्हती. चषकही नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की आज रात्रीच मांडव निघावा. आणि उद्या सकाळपासून मैदानात पोरं दिसावीत. जर्सी पिवळी असली तरी चालेल. चेहरे ओळखीचे होऊ देत.

मला काहींनी विचारलं, रविवारी गाऱ्हाणं कोण घालणार? तुला पाठ आहे म्हणून तू घाल, असंही म्हणाले. पाठ असून काय उपयोग? जामीन राहता आलं पाहिजे. मी उद्यापासून रोज सकाळी गोलपोस्टला टेकून बसणार आहे. बसायची मला सवय आहे. जे दिसेल तेच रविवारी बोलेन. नाही दिसलं तर नारळ न ठेवता नुसता उभा राहीन, काका राहायचे तसा. पण येईन. तुम्हीही या. टीम आपली आहे.

काकू, तोंड सांभाळलं ना मी?

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं काहीही न बोलता. आज कोणी व्हय म्हाराजा म्हणू नका, ते रविवारसाठी राखून ठेवा. दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी पुढे यावं, इथे फोटोजवळ, काकांना दिसतील असे.

दत्तूकाका, दोन आहेत. अकरा झाली की सांगतो.