काळी वायर मी काढली

पुरवणी जबाब

मी, श्रीमती बायजाबाई काळुराम मोकल, वय अंदाजे ६९ वर्षे (दाखल्यावर १ जून लिहिलंय, ते मास्तरांनी लिहिलं), शिक्षण दुसरी, धंदा शेती, पूर्वी पेण खारेपाटात मिठागरावर कामास, राहणार अष्टमी, ता. रोहा, जि. रायगड.

आज दि. १२ मार्च रोजी सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने येऊन, कोणी न बोलावता, लिहून घेणाऱ्या मॅडमसमोर जबाब देते की, मी वरील पत्त्यावर नातू निकेश आणि नात मृणाली यांच्यासह राहते. निकेश धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. मृणाली पेणला कॉलेजात शिकते.

मी दि. २५ फेब्रुवारी रोजी इथेच जबाब दिला होता, की कोलाडच्या गॅरेजवाल्या मिथुनने आमच्या गाडीतला रेडिओ काढून घेतला आणि तसाच दिसणारा मुका रेडिओ बसवला. तो जबाब चुकीचा आहे. त्यातलं माझं नाव आणि पत्ता तेवढा बरोबर आहे.

गाडीची हकीकत अशी. माझे पती काळुराम कंपनीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी साहेबाचीच जुनी गाडी घेतली. तिच्यात कॅसेटचा रेडिओ आहे. चावी फिरवली की तो आपोआप सुरू होतो, आणि टेप जिथे थांबली असेल तिथून पुढे वाजतो. पती भजनी मंडळात गायचे. गळा बरा नव्हता, पण मंडळात ड्रायव्हर दुसरा नव्हता.

पती दि. ४ फेब्रुवारी रोजी राहत्या घरी वारले. आजारपणाबद्दल काही तक्रार नाही.

आमच्यात सुतक तेरा दिवस. घरात टीव्ही, गाणं, काही लागत नाही. दि. ८ ला, म्हणजे पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास निकेश दहाव्याचं सामान आणायला गाडी काढायला गेला. अंगणात भावकीची वीस-पंचवीस माणसं बसलेली. त्याने चावी फिरवली आणि टेप मोठ्याने वाजायला लागली. निकेशला ती बंद कुठून करायची ते सापडेना. शेवटी त्याने चावीच उपटली. तेवढ्यात जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं. माझी धाकटी जाऊ रडायला लागली, ती कशालाही रडते. निकेशला मी म्हटलं, "रिक्षानं जा. गाडीला हात लावू नको."

दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा मी एकटीने गाडीचं बोनेट उघडलं आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर काढली. पुन्हा कोणी चावी फिरवली तर वाजायला नको म्हणून. माहेरी पेणला भावाच्या ट्रॅक्टरची वायर मीच काढते आणि लावते, त्यामुळे मला ते येतं. आधी काळी काढायची, लावताना ती शेवटी लावायची. कोणाला सांगितलं नाही. सुतकात विधवा बाई बोनेटमध्ये डोकं घालून उभी होती हे भावकीला कळलं असतं तर त्यांना तेराव्यापर्यंत दुसरा विषय लागला नसता.

दि. १७ ला मी वायर परत लावली. तेही कोणाला सांगितलं नाही.

दि. २२ ला निकेशने क्लचच्या कामासाठी गाडी मिथुनकडे नेली. जाताना रेडिओ वाजला नाही हे निकेशच्या लक्षातही आलं नाही, तो कानात वायर घालून गाडी चालवतो. संध्याकाळी मिथुनचा मला फोन आला. बोलणं असं झालं.

"आजी, बॅटरी काढली व्हती का कोणी?"

मी म्हटलं, "नाय."

"मग रेडिओ कोड मागतोय कसा? चार आकडी नंबर असतो. आजोबांनी लिहून ठेवला असंल. बघा आणि मला सांगा."

मी फोन बंद केला. त्याचं कारण असं, की बँकेतल्या बाईने मला तीनदा बजावलंय, फोनवर कोणी चार आकडे मागितले की तो लुच्चा. आमच्या आळीतल्या दाजीने असेच आकडे सांगितले आणि आता तो बायकोला तोंड दाखवत नाही. मिथुन आकडे मागतोय म्हणजे मिथुन लुच्चा, एवढं मला कळलं. बॅटरीच्या वायरीचा आणि रेडिओचा काही संबंध असतो हे मला माहीत नव्हतं. पण वायर काढली का हे त्याने सरळ विचारलं होतं आणि मी सरळ नाही म्हटलं. ते मला माहीत होतं. मॅडम, हे असंच लिहा.

दि. २४ ला गाडी आणायला मी स्वतः निकेशबरोबर गेले. रेडिओवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसत होती. मी गॅरेजसमोर उभी राहून मिथुनला म्हटलं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात तुझी." आणखीही बोलले. चहाच्या टपरीवरच्या पोपटने सगळं ऐकलं आहे, त्याला विचारावं, माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ आहे. मिथुन उलट काही बोलला नाही. तो गप्प बसला म्हणून मला जास्तच खात्री वाटली. दुसऱ्या दिवशी मी इथे येऊन जबाब दिला.

दि. ९ मार्च रोजी दुपारी मिथुनची आई ठमाबाई गागोदे बुद्रुकहून माझ्या घरी आली. आमची आधी ओळख नव्हती. तिच्या हातात पिशवीभर वाल होते. ते तिने ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "हे लाच म्हणून नाय आणलं. रिकाम्या हाती कोणाकडं जात नाय म्हणून आणलं."

मी तिला बस म्हटलं नाही. ती आपली आपण बसली.

म्हणाली, "पोराला कंपनीत गाड्यांच्या देखभालीचं काम लागतंय. पोलिसांचा दाखला सोमवारच्या आत द्यायचा हाय. तुमचा कागद आडवा हाय. गॅरेजवर पण गिऱ्हाईक येत नाय."

मी म्हटलं, "मग चोरी करायची नव्हती."

"केली असंल तर तसं सांग गो बाई. मी त्याला घरात घेत नाय. पण तो एकच सांगतोय, बॅटरी कोणीतरी काढली व्हती. कोणी काढली व्हती?"

मी उठून आत गेले. चहा ठेवला. चहा पिऊन ती गेली. जाताना पिशवी झटकून घडी करून घेऊन गेली, वाल ठेवून.

संध्याकाळी मृणाली कॉलेजातून आल्यावर मी तिला गाडीच्या खणातलं जुनं पुस्तक वाचायला लावलं. त्यात लिहिलं आहे की बॅटरीची वायर काढली की रेडिओ कुलूप लावून घेतो आणि चार आकडे दिल्याशिवाय बोलत नाही. चोरीला गेला तर चोराला उपयोग होऊ नये म्हणून ही सोय. शिवाय रेडिओचा स्वतःचा लांब नंबर पुस्तकात पहिल्या पानावर लिहिला होता. चार आकडे मात्र नव्हते. ते गाडीत ठेवू नयेत असं छापलेलं होतं, आणि आमच्या माणसाने जन्मात एकदाच छापलेलं ऐकलं.

मृणालीने आजोबांची जन्मतारीख घालून पाहिली. ती पण एक जूनच. लग्नाचं साल घातलं, निकेशचा वाढदिवस घातला. मग रेडिओ रुसला. एक तास थांबा असं पुस्तकात होतं. तासभर आम्ही दोघी चावी लावून गाडीत बसून राहिलो. मृणालीने विचारलं, "आज्जी, वायर कोणी काढली?" मी सांगितलं. तिने पुस्तक मिटून जिथलं तिथे खणात ठेवलं. ती आजोबावर गेली आहे.

दि. १० ला वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला. आमच्या मीटरखाली भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने चार आकडे लिहिलेले आहेत. गाडी आली त्या वर्षी पतीने लिहिले आणि मला म्हणाले, "हे पुसू नको." मला वाटलं मीटरचं काहीतरी. दर दिवाळीला मी भिंतीला रंग देताना तेवढी जागा सोडून हात फिरवत आले. त्या दिवशी मी त्या माणसाला विचारलं, "हा आकडा तुमचाच ना?" तो म्हणाला, "आमचा नाय, आजी. आम्ही भिंतीवर लिहीत नाय."

काल दि. ११ रोजी मी निकेशला घेऊन कोलाडला गेले. मिथुन गॅरेजात एकटाच होता. मी त्याला म्हटलं, "रेडिओ काढ, त्याच्या अंगावरचा नंबर वाच." त्याने दोन सळ्या घालून रेडिओ बाहेर ओढला. पुस्तकातला नंबर आणि तो नंबर एकच निघाला. पोपटला टपरीवरून बोलावून तोही वाचायला लावला. मग रेडिओ परत बसवून मी चार आकडे सांगितले, मिथुनने दाबले. रेडिओ लागला. टेप दि. ८ ला जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

मिथुनने आवाज कमी करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे."

अभंग संपेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. पोपटचा चहा उतू गेला. नंतर मिथुन म्हणाला, "आजी, मी विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत तर."

मी म्हटलं, "तेव्हा सांगायचं नव्हतं." याहून जास्त त्याला मी काही बोलले नाही. बोलता येईल असं वाटलं होतं, आलं नाही, म्हणून इथे आले.

मॅडमनी विचारलं, टेपमध्ये कोण गात होतं. भजनी मंडळाची टेप आहे एवढं लिहा. गाणारा हयात नाही.

मॅडमनी विचारलं, ते चार आकडे कोणते. ते मी सांगणार नाही. पोलिसांनाही नाही.

मी म्हटलं होतं की माझा आधीचा जबाब फाडून टाका. मॅडमनी सांगितलं की लिहिलेलं फाडता येत नाही, त्याला फक्त जोडता येतं. मग हा त्याच्या वरच्या बाजूला जोडा, खाली नको. मिथुनने रेडिओ चोरला नाही, बदलला नाही. बॅटरीची काळी वायर मी काढली आणि विचारल्यावर खोटं बोलले. माझी मिथुनविरुद्ध तक्रार नाही. त्याचा दाखला सोमवारच्या आत द्यावा. माझ्यावर काही कारवाई होत असेल तर ती भातलावणीच्या आधी उरकावी.

हा जबाब मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. बाहेर बाकावर ठमाबाई बसली आहे, म्हणून वायरीचं वाक्य मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला सांगितलं. ते तसं वाचलं. बरोबर आहे.

समक्ष,
(सही) बायजाबाई काळुराम मोकल