शेजारचा ब्रेक

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या बाईंनी वर्तमानपत्र मिटलं. समोरच्या जुन्या मोटारीचे मालक, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ, मेकॅनिकशी बोलत होते.

“काका, ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय. आतलं रबर झिजलंय. तुम्हाला जाणवलं नाही?”

“मी दोनदा दाबतो. मग लागतो की व्यवस्थित! पायाला सवयच झालीय.”

“मग आज कशी आणलीत?”

“आमच्या हिनं हट्ट धरला. सिग्नलला गाडी पुढे सरकते म्हणाली. मी म्हटलं, तू जन्माची भित्री.”

“काकू शेजारी बसतात ना? तिथली मॅट बघा. पायाखाली पार भोक पडलंय.”

“माझ्याबरोबर तीही ब्रेक दाबते. लग्न झाल्यापासून. मी हसतो तिला.”

“हसू नका. आणखी थोडे दिवस काढले असतेत, तर दोनदा दाबूनही लागला नसता.”

गृहस्थांनी बायकोला फोन लावला.

“अगं, तुझंच खरं निघालं. हो, हो, बोल काय बोलायचंय ते, आज सगळं ऐकून घेतो. वाचवलंस गं.”

“काका, रबर बदलतो. तिकडची मॅटही नवी टाकू?”

“टाक. चांगली जाड बघून टाक. तिला अजून बरीच वर्षं दाबायचंय.”