उतरला त्यानंच येऊन सांगावं

माहा जलम एकोडीचा, साकोलीकडचं एकोडी. बाप तलावात जाळं टाके, माय टोपलं घेऊन दारोदार मासोया विके, आनं त्या घरातली मी पयली पोट्टी मॅट्रिक झाली. लोकं म्हणत ढिवराच्या पोरीले शाळा कायले, पण त्याच शाळेनं पुढं तारलं मले, नाई तं कोण उभं करते हो.

लगन लाईनमनशी झालं. आणीबाणीच्या सालात तो खांबावर चढला होता, आनं कोणीतरी निरोप देल्ला का उतरला म्हणून, अन् तिकून सबस्टेशनवाल्यानं लाईन सोडली, तारेत बिजली आली. उतरला नव्हता तो. काय सांगू तुम्हाले.

त्याच्या जागी मले नोकरी भेटली, अड्याळकडच्या एका सबस्टेशनात. पयले पाणी भराले अन् झाडाले ठेवलं. मी म्हणलं मॅट्रिक हावो मी, पॅनलवर बसवा, लाईन चालू-बंद कराले. सारे हासले, बाईच्या हातानं लाईन चालन का म्हणे. मंग जिद्दीनंच शिकली. एक म्हातारे ऑपरेटर होते, ते म्हणे शिक वो बाई, मशीनले काय समजते हात कोणाचा. अशी बसली मी खुर्चीवर. पण सबस्टेशन गावाबाहेर, आजूबाजूले नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणून माही लहान पोट्टी मायजवळ एकोडीले ठेवली. ते आता आजीलेच माय म्हणते. म्हणू दे.

गावात एकच मैतरीण होती, सिंधू. शेंगा घेऊन ये, तारेच्या कुंपणाजवळ बसे, मी आतून बोलो, ते बाहेरून बोले. दुसरं कोणी ये नाई. विधवा, वरून बिजलीतली, मले कोण बोलावते.

आता आमचा कायदा सांगतो तुम्हाले. लाईनमन चढायच्या आधी येऊन लाईन बंद करून घेते, अन् उतरला का सोता येऊन सांगते. दुसऱ्याचा निरोप चालत नाई. बाकीचे चालवून घेत. मी नाई घे.

सिंधूच्या पोरीचं लगन होतं, उन्हाळ्यात, भर दुपारी. मांडवाजवळची तार लोंबली, म्हणून वासुदेव लाईनमन माह्याकून लाईन बंद करून घेऊन गेला. भोंगा बंद, पंखे बंद, पाण्याची मोटर बंद, वरात दारात. मंग सिंधूचा दीर आला, म्हणे वासुदेव उतरला, मी डोळ्यानं पायलं, दे लाईन. मी म्हणलं त्यालेच पाठवा. तो म्हणे पंगतीत बसला हाय तो, जेवून येईन. मी म्हणलं मंग जेवून येऊ द्या. मंग सिंधू सोता आली, हळदीच्या हातानं, उन्हात धावत. म्हणे माह्यावर बी भरोसा नाई का तुले? पण माहे हात स्विचवर नाई गेले. जाताना म्हणे,

"नवरा खाल्ला, आता माह्या पोरीचं लगन खाय."

वासुदेव खरंच जेवून राहिला होता हो. खोटं कोणीच बोललं नव्हतं. कोणाचा जीव वाचला असं बी नाई, का मी सांगू पाहा, माहंच बरोबर होतं. तो सायकलीवर आला, चिडला, म्हणे वैनी, एवढा काय हट? मी म्हणलं भाऊ, तुमच्या दादाचा बी असाच निरोप आला होता. मंग त्यानं सायकल फिरवली, अन् मी लाईन सोडली.

साहेब बी बोलले मले. ते चाललं. पण सिंधू परत आली नाई. तिच्या पोरीले आता दोन लेकरं हायेत, मले दुरून समजलं. बजारात दिसली तं ते रस्ता बदलवते. लई एकटं वाटते हो, खोटं कायले बोलू, कधी कधी रेडिओ लावून त्याच्याशीच बोलतो मी.

पण वासुदेव तवापासून निरोप नाई पाठवत. किती बी ऊन असो, सोता येते, फाटकातून म्हणते, वैनी, उतरलो. मी पाणी देतो, मंग लाईन सोडतो. कोण्या दिवशी तेवढाच एक माणूस माह्याशी बोलते. माह्या नवऱ्याच्या तोंडून हा शब्द मले ऐकाले नाई भेटला, आता याच्या तोंडून ऐकतो. चढणारे सारे असेच उतरोत बाप्पा, आपल्या पायानं घरी जावोत. सिंधू बी सुखी राहो.