हरण्या, चवरी आन् कुसळीचा माळ

ऐका. पर आधी ती बॅटरी बंद करा बगू. उगं त्या बाभळीवर उजेड मारू नका. ज्याला भ्या वाटतंय त्यानं जवळ सरकावं, लाजायचं काम न्हाई.

ही गोष्ट धनगरवाड्यातल्या गजराकाकूची. तिचा नवरा म्हाळू, त्यो जाऊन वरीस झालं हुतं. ल्योक मेंढरं घिऊन लांब गेल्याला. घरात राहिली कोण? काकू, दिवस भरत आल्याली सून रकमा, आन् मागं ठेवल्याली बारकी कोकरं. त्या साली लांडग्यानं नुसता उच्छाद मांडला हुता. रात झाली की कुडापाशी हजर! रकमा म्हणली, "आत्ती, उद्या हितं पाळणा हलंल. त्या मेल्याला पाळणा आन् कोकरू येगळं कळतंय व्हय?"

ह्ये काकूच्या काळजाला लागलं. ती उठली आन् भावाकडं गेली. भाऊ बिरू, शिकारी कुत्री पाळणारा. त्याच्या दारात दोन जातीची कुत्री, कारवानी आन् पश्मी. आता तुमी म्हणशीला, कुत्रं त्ये कुत्रं. अरं येड्यांनो, न्हाई! कारवानी म्हंजे पोट पाठीला लागल्यालं, पाय लांब, ससा दिसला की सुटलंच. पश्मी बी तसंच उंच, पर कानाला आन् शेपटीला रेशमासारखं क्येस. पळतंय, न्हाई असं न्हाई, पर माणसाला चिकाट. कारवान्याचं नाव हरण्या. पश्मी कुत्रीचं नाव चवरी.

काकूला काय ठरंना. दोघांस्नी दूध-भाकर घालायची ऐपत न्हाई, ठेवायचं एकच. म्हाळू जलमभर कारवानीचं गुण गायचा. लांडग्याला धरणार तर हरण्याच, ह्ये कुणीबी सांगितलं असतं. पर ती चवरी आली आन् काकूच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली की! बिरू वैतागला. "आक्के, दोनीबी ने. आठ दिस ठीव. नको आसंल त्ये आणून सोड. पर दिवा लागल्यावर निघ."

त्याच्या घरची रीतच हुती ती. दिसा कुत्रं नेलं की त्ये वाट बगून ठेवतंय, आन् दुसऱ्या दिशी माघारी पळून येतंय. म्हणून अंधारात न्यायचं. बिरू म्हणला, "मी येतो सोबत." काकू म्हणली, "तुझी गाय आज-उद्यात व्यायची, तू थांब." आन् निघाली एकटी! रकमाच्या काळजीनं सडक सोडली, कुसळीच्या माळाची जवळची वाट धरली. काय म्हणावं आता!

चालली. चालली. एका हातात हरण्याची दोरी, एका हातात चवरीची. वाटंत एक दगडाची रास लागली. फुडं गेली. परत तीच रास! पदर सारखा केला, दिशा बदलली, झपाझपा चालली. परत रास!

वळीखलं तिनं. चकवा! आपल्याकडं शेंबडं पोरगं बी जाणतंय, चकवा लागला की खाली बसायचं आन् तांबडं फुटायची वाट बगायची. काकूला ठावं नव्हतं व्हय? पर बसती कशी? घरात रकमा एकटी. ती चालतच राहिली.

मंग समोर ससा. पांढराधोट! अंधारी रात, हात दिसंना, पर ससा लख्ख दिसतोय. हरण्यानं असा हिसका दिला, असा हिसका दिला, दोरी तटकन तुटली! गेला वाऱ्यावर. चवरी हलली न्हाई. अंगावरचं क्येस ताठ, आन् घशातनं गुरगुर.

मंग रडणं आलं. रकमाचं! "आत्ती, कळा सुटल्या वो, लवकर या!" काकू धावली, पडली, उठली. आवाज ह्या बाजूला, मंग त्या बाजूला. शेवटी गप झाला. सगळा माळ गप. रातकिडा सुदीक वरडंना.

आन् हाक आली. "गजरा!"

म्हाळूची हाक!

पोरींनो, तुमचं नवरं तुमास्नी नावानं हाका मारत्यात. तवा तसं नव्हतं. म्हाळूनं उभ्या जलमात बायकूचं नाव घेतलं न्हाई. "ए", "ऐकलं का", "कुठं मेली", संपलं. काकूला तिथंच कळलं, ह्यो म्हाळू न्हवं. तरीबी तिचा पाय फुडं पडला. अरं, सगळा संसार झाला, ती हाक काय तिच्या कानावर आली नव्हती. आता आली. लई वाईट वाटतंय मला त्या बाईचं.

"गजरा, कुत्री सोड. ये."

तिनं दोरी सोडली! सोडली बगा! पर चवरी जाईल तर शपथ. ती वळली आन् काकूच्या दोन्ही पावलांवर ऐसपैस बसली. "ऊठ," म्हणलं, उठंना. ढकललं, उठंना. काकूनं रडत रडत तिच्या पाठीत बुक्की घातली. उठंना! त्या झटापटीत एक धोंडा निसटला, आन् लई येळानं खालनं आवाज आला. डुबुक.

हीर! बिनकठड्याची, पडकी हीर, एका पावलावर!

काकू मटकन बसली आन् कुत्रीच्या गळ्याला मिठी मारली. हाक चालूच. "गजरा, गजरा." लई मायेनं. ती कुत्रीच्या केसात तोंड खुपसून बसली, वर बगितलं न्हाई. तेवढ्यात कंदील दिसला. बिरू! हरण्या तुटकी दोरी घिऊन त्याच्या दारात जाऊन भुंकला हुता. अंधारात नेलं, तरी वाट त्याच्या ध्यानात हुतीच की!

काकूनं त्याच राती सांगितलं, "हरण्या तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." रकमाला त्या राती कळा सुटल्याच नव्हत्या; फुडं ती सुखरूप बाळंत झाली. पर लांडगा आला. चवरी पाळण्यापाशी उभी ठाकली, आन् लांडग्यानं दोन कोकरं उचलली. रकमा चिडली. "आत्ती, हरण्या आसता तर त्यो लांडगा जिता गेला नसता. हिला कशाला ठेवली?"

काकू हळूच म्हणली, "मला जायचं हुतं गं त्या हाकंमागं. समदं कळून बी जायचं हुतं. हिनं जाऊ दिलं न्हाई."



म्हणून सांगतो, कुसळीच्या माळानं जाऊ नका. भ्या दावलं तर माणूस पळून तरी जातंय. मायेनं हाक मारली, तर काय करशीला? चला, उठा आता, आन् समदी सडकंनं जावा.