सांगणाऱ्याची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापक साहेब; त्यांच्या शेजारी बसलेले कामगार संघटनेचे चिटणीस; आज निरोप घेणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, ज्यांना हे सगळं गोदाम सुईबाई म्हणतं त्या आमच्या बाई; पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान आणि लेक; आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे खोक्यांवर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चिटणीसांना पण पाचच दिली होती, त्यांनी पंचवीस घेतली. तेव्हा माझी सात-आठ झाली तर साहेबांनी घड्याळाकडे पाहू नये, ही नम्र विनंती.

बाईंच्या लेकीला आपण इथे नेमकं काय करतो हे कदाचित ठाऊक नसेल, कारण घरी जाऊन कौतुकाने सांगावं असं ते काम नाही. लोक कपडे मागवतात, अंगाला बसले नाहीत की परत पाठवतात. ते आपल्या गोदामात येतात. त्यांतले थोडे पुन्हा विक्रीला जातात. बाकीचे तपासून, घडी घालून पुन्हा विकण्यापेक्षा टाकून देणं कंपनीला सोयीचं पडतं, म्हणून ते आपण फाडतो. पाठीवर ब्लेडने एक उभा छेद, दोन्ही बाह्यांवर एकेक आडवा. कचऱ्यातून उचलूनसुद्धा कोणाला घालता येऊ नयेत म्हणून. कागदावर याला 'निकामीकरण' म्हणतात. शब्द इतका भारदस्त आहे की पहिले सहा महिने मला वाटायचं, आपण काहीतरी तांत्रिक काम करतोय.

अशा जागी बाई एकवीस वर्षं ब्लेड घेऊन उभ्या राहिल्या, आणि एकवीस वर्षं एकच कोट घालून आल्या. आज अंगावर आहे तोच. आज तरी दुसरा घाल म्हणून लेक सकाळपासून मागे लागली असणार, तिचा चेहराच सांगतोय. कोपरांवर ठिगळं, अस्तर तिसरं, बटणांतली दोनच मूळची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइल काढायचो, बाई सुई काढायच्या. कोणाचा खिसा, कोणाची चेन, कोणाच्या पोराचा मोजा. मी तेव्हा शेजारच्या टेबलावर नवीन होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी विचारायची, "बाई, एक मोजा शिवून जग वाचणार आहे का?" त्या दाताने दोरा तोडत म्हणायच्या, "जगाचं माहीत नाही. पायाचं भागेल."

तीन वर्षांपूर्वी कंपनीने भिंतीवर फलक लावला. 'कपडे जपून वापरा. पृथ्वी तुमच्या हातात आहे.' आठवतोय ना? अगदी फाडायच्या टेबलांसमोर लावला होता. पाठोपाठ स्पर्धा. वर्षभर एकही नवा कपडा न घेणाऱ्या कामगाराला बक्षीस! आता बाईंच्या पुढे कोण टिकणार? पहिला नंबर त्यांचाच. आणि बक्षीस काय, तर नव्या कपड्यांच्या खरेदीचं कूपन. साहेब हसताहेत. बरं झालं, मला पुढचं बोलायला धीर आला.

टाळ्या झाल्या, फोटो झाला. बाई टेबलाशी परत आल्या, ब्लेड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "पोरी, अठरा वर्षांत मी एक कोट वाचवला. आज जेवायच्या आधी साठ फाडले. हे बक्षीस कशाचं गं?"

तुमच्यापैकी कोणाला उत्तर आलं असतं? मी घरी नळ घट्ट बंद करते, बाजारात कापडी पिशवी नेते, दिवा विझवल्याशिवाय खोलीतून बाहेर पडत नाही. हे काही वाईट नाही, मी ते सोडणारही नाही. पण पृथ्वी माझ्या हातात आहे असं सांगणाऱ्यांनी त्याच हातात ब्लेडही दिलं होतं, आणि त्याबद्दल फलकावर एक अक्षर नव्हतं.

आपल्याकडे फाडलेल्या कपड्यांच्या प्रत्येक खोक्याबरोबर एक चिठ्ठी जाते. किती नग, आणि खाली 'काम करणाऱ्याची सही'. बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या सहीखाली पट्टीने एक रेघ ओढली आणि लिहिलं, 'सांगणाऱ्याची सही'. चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या, कारण मला सुपरवायझर होऊन चार महिने झाले होते. म्हणाल्या, "फाडलं मी, सही केली मी. सांगितलंस तू, इथे तू कर."

मी म्हटलं, "बाई, मी कुठे सांगते? मला वरून सांगतात."

"मग वरच्यांची आण. मला कोणाचीही चालेल."

आता जे सांगणार आहे ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. मी घाबरले. नवी खुर्ची, पदरात लहान मूल, आणि ही बाई माझी नोकरी घालवणार असं वाटलं. मी बाईंना मेमो दिला. त्या समोर उभ्या, मी मान खाली घालून लिहितेय, 'कामात जाणूनबुजून अडथळा'. आणि बाईंचं लक्ष कुठे? खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या माझ्या कोटाकडे. बाहीचं अस्तर लोंबत होतं. म्हणाल्या, "तुझं लिहून होईतो हे करून टाकते." माझा मेमो आणि त्यांचं अस्तर एकदमच पुरं झालं. त्यांनी 'मिळाला' म्हणून सही केली, कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं तुझं."

त्या कोटात मी तीन हिवाळे काढले. ते अस्तर अजून पक्कं आहे.

पुढे काय झालं ते तुम्हीच केलंत. आठवड्याभरात शेजारच्या टेबलावर ती रेघ आली, महिन्याभरात बावीस टेबलांवर. काम कोणी अडवलं नाही. खोकी भरलेली, चिठ्ठ्या भरलेल्या, फक्त एक रेघ रिकामी. 'असल्या रेघोट्यांनी काय होणार' असं आधी म्हणालेले चिटणीस नंतर तोच कागद घेऊन मुख्य कचेरीत जाऊन बसले, हे त्यांच्याबद्दल आदराने सांगते. मुख्य कचेरीने विचारलं, यावर सही कोणी करायची? कोणी सापडेना. जो तो वर बोट दाखवी. आणि गेल्या वर्षी लहान मुलांचे कपडे फाडणं बंद झालं. ते आता शाळांना, दवाखान्यांना जातात. कंपनीच्या पुस्तिकेत याला व्यवस्थापनाची दूरदृष्टी म्हटलंय. साहेब, पुस्तिका मी वाचली. छपाई फार सुंदर आहे.

मोठ्यांचे कोट मात्र अजून फाडले जातात. आज सकाळीही फाडले.

गेल्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, "मग इतकी वर्षं मोजे शिवलेत ते फुकटच ना?" त्या म्हणाल्या, "फुकट कसं? उद्या फाडणं थांबलं की शिवणारी माणसं लागतील. हात तयार नकोत?" म्हणजे आम्हाला वाटत होतं, बाई आपल्यापुरतं काहीतरी करत बसल्यात. त्या आमची वाट पाहत होत्या. आज इथल्या अकरा जणांना अस्तर घालता येतं. माझं अजून वाकडं येतं, पण येतं. बाई, तुम्ही उद्यापासून इथे नसणार या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही, हेही सांगून टाकते.

वेळ झाली. चहाची व्यवस्था करणाऱ्यांचे, खोकी हलवून ही जागा करणाऱ्यांचे, आणि बाईंना इतकी वर्षं आम्हाला उसनं देणाऱ्या त्यांच्या यजमानांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. माझी खरी चूक मात्र या भाषणातली नाही. ती तीन वर्षं बाईंच्या फाइलमध्ये पडून आहे, माझ्या छान अक्षरात. बाई, चूक माझी होती. मला माफ करा.

तो मेमो मागे घेतल्याचं पत्र मी लिहून आणलंय, खाली माझी सही आहे. सोबत आज सकाळच्या चिठ्ठ्या आहेत. 'सांगणाऱ्याची सही' या शब्दांपुढे आज पहिल्यांदा मी माझं नाव लिहिलं, कारण रोज सात वाजता टेबलांसमोर उभी राहून मीच तर सांगते. आणि प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या सहीखाली आणखी एक रेघ ओढलीय.

साहेब, ती तुमच्यासाठी. तुम्हालाही वरूनच सांगतात, मला ठाऊक आहे. तुमची सही झाली की खाली आणखी एक ओढा. पट्टी बाई माझ्याकडे ठेवून चालल्या आहेत.