चमच्याने खायची कॉफी

...आणि वर म्हणे ही कॉफी! कॉफी? चमचा उभा राहतो हो त्यात! ती पावडर घालतात ना घट्ट करायला... का, तर अर्धांगाच्या झटक्यात माझं, या एनार टॉर्विकचं, गिळणं बिघडलं, पातळ घोट चुकून फुप्फुसात शिरला तर न्युमोनिया! बरं बाबा, शिरेल. पण म्हणून हिवाळाभर? तुम्हाला सांगतो, दर रविवारी प्रार्थनेनंतर इथे चर्चच्या तळघरात सगळे कपावर कप रिचवतायत आणि मी कोपऱ्यात बसून कॉफी खातोय... खातोय!

तुम्ही प्या हो, प्या. माझ्याकडे बघू नका.

त्यात ती डॅनिएला. गिळायला शिकवणारी बाई! सत्तरी उलटली माझी, जन्मभर इथे मिनेसोटात, डुलुथच्या रस्त्यांवर बर्फ हटवायची गाडी चालवली, आणि आता न्यूयॉर्कहून आलेली पोरगी मला गिळायला शिकवणार! 'मिस्टर टॉर्विक, हनुवटी छातीला... आणि गिळा!' गिळलं. 'जोर लावून!' लावला. 'आता जीभ बाहेर काढून दातांत धरा... आणि गिळा!' करून बघा बरं एकदा! बघा, बघा... जमलं? बसा आता! मग आडवं पडायचं, खांदे टेकलेले, मान तेवढी उचलून पायाची बोटं बघायची. बोटांत काय बघायचंय? आणि घरी आमची बायको व्हर्ना आहेच पहाऱ्याला! 'एनार, हनुवटी!' अगं, बटाट्याचा लगदा आहे! 'असू दे. हनुवटी छातीला, आणि गिळ!' गिळतो बाई.

केलं मी सगळं. कशासाठी? एका कपासाठी! काळी, पातळ, वाफाळती... बाकी काही मागितलं का मी कुणाकडे?

तर परवा एक्स-रेसमोर बसवून खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजलं. पडद्यावर माझाच घसा! डॅनिएला टाळी वाजवून म्हणते, 'सरळ उतरलं! हनुवटी खाली ठेवलीत तर पातळ चालेल. पण पहिला कप माझ्यादेखत, घरी नाही हं.' आणि खरोखर आणला हो कप! वास आला... डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू! ती विचारते, 'मिस्टर टॉर्विक, घेणार ना कॉफी?'

आणि मी काय म्हणालो? 'नको नको, कशाला उगाच त्रास!'

आता हसता काय! आपण मिनेसोटाची माणसं, पहिल्या विचारण्याला कधी हो म्हणतो का? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप', ही रीत! सोबत आलेली व्हर्नासुद्धा डॅनिएला पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसलेली. आणि ती न्यूयॉर्कवाली म्हणते, 'ठीक आहे, जबरदस्ती नाही. पुढच्या गुरुवारी बघू!' ...आणि ओतली! बेसिनमध्ये! अख्खी!

मी आवंढा गिळला. हनुवटी छातीला लावून, नीट!

गाडीत व्हर्ना म्हणते, 'अरे, मग मागून घ्यायचीस ना!' मागून? आपल्या तोंडाने? मंडळी, त्या झटक्यात माझा उजवा हात गेला, बोलणं अडखळलं, गिळणं गेलं... मेली लाज तेवढी धडधाकट राहिली हो!